सात किलो, शंभर वॉट-अवर, वीस हजार रुपये: कॅमेरा घेऊन विमानात बसण्याआधी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं लेखी रूप. बोलताना जे 'अं', 'म्हणजे काय की' झालं ते काढलंय आणि आकडे पुन्हा तपासून घातलेत. बाकी बोलणं आहे तसंच ठेवलंय.

मी मूळचा पाटसचा, दौंड तालुक्यातला. बीटेक झालो आणि आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. शनिवार-रविवार घरी आलो की कॅमेरा बाहेर निघतो. आपल्याकडे फोटो काढणाऱ्याला विषय शोधत फिरावं लागत नाही. थंडीत भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी येतात, सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा दिसतात, आणि आषाढात तुकोबांची पालखी पाटसवरून रोटी घाट चढून बारामतीकडे जाते. त्यामुळे आपल्या भागात कॅमेरावाले पुष्कळ. त्यातले बरेच जण लग्नाच्या ऑर्डरी घेतात, आणि हल्ली गोवा, जयपूर, उदयपूरच्या लग्नांची बोलावणी इथल्या पोरांनाही येतात. मग पहिला प्रश्न हाच येतो: एवढं सामान विमानातून न्यायचं कसं?

या प्रश्नावर लोक लगेच बॅग कोणती घ्यावी, फोम कोणता घ्यावा यावर येतात. माझं म्हणणं असं की पॅकिंग फोमपासून सुरू होत नाही, वाटणीपासून सुरू होतं. कुठली वस्तू तुमच्या हातात राहणार आणि कुठली विमानाच्या पोटात जाणार, हे आधी ठरवायचं. ही वाटणी आपल्या मर्जीनं होत नाही. ती तीन आकडे करतात: सात किलो, शंभर वॉट-अवर आणि वीस हजार रुपये. हे तीन आकडे डोक्यात बसले की बाकीचं पॅकिंग अर्ध्या तासाचं काम आहे.

आधी वीस हजार रुपये

पैशापासून सुरुवात करतो, कारण डोळे तिथेच उघडतात.

देशातल्या देशात प्रवास करताना तुम्ही काउंटरवर दिलेली बॅग हरवली, फुटली किंवा उशिरा आली, तर विमान कंपनीची जबाबदारी जास्तीत जास्त २०,००० रुपयांपर्यंत असते. बॅगेत काय होतं याच्याशी त्या मर्यादेचा संबंध नाही. आत साड्या असोत नाहीतर दोन लाखांची लेन्स, कमाल आकडा तोच. त्यात बहुतेक कंपन्यांच्या अटींमध्ये वेगळं लिहिलेलं असतं की रोकड, दागिने, कॅमेरा, इलेक्ट्रॉनिक वस्तू, नाजूक वस्तू काउंटरवरच्या बॅगेत टाकू नयेत, टाकल्यास आमची जबाबदारी नाही. म्हणजे लेन्स फुटली तर त्या वीस हजारांवरसुद्धा वाद घालावा लागेल.

परदेशी प्रवासात माँट्रियल कराराचा नियम लागतो. भारत त्यात २००९ साली सामील झाला. त्यात सामानाची मर्यादा 'एसडीआर' नावाच्या हिशेबी चलनात मोजतात. २८ डिसेंबर २०२४ पासून ती दर प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. दर बदलत राहतो, पण ढोबळमानाने पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास धरा. देशातल्यापेक्षा बरीच जास्त, पण एक बॉडी आणि दोन चांगल्या लेन्सला तीही पुरत नाही.

आता ज्याचं सामान हप्त्यावर घेतलेलं आहे त्याचा विचार करा. लेन्स फुटली तरी हप्ता थांबत नाही, आणि पुढच्या आठवड्यातली ऑर्डरही थांबत नाही. त्यामुळे वाटणीचा पहिला नियम: जी वस्तू गेली तर वीस हजारांत परत येणार नाही, ती हातातल्या बॅगेत. बॉडी, लेन्स, मेमरी कार्ड आणि हार्ड डिस्क या चार गोष्टींना अपवाद नाही.

विम्याबद्दल एक वाक्य: विमा कॅमेऱ्याचा काढता येतो, पण घेताना तीन गोष्टी लेखी विचारा. प्रवासात लागू आहे का, धंद्यासाठी वापरत असाल तरी लागू आहे का, आणि काउंटरवर दिलेल्या बॅगेतल्या वस्तूला लागू आहे का. बऱ्याचदा पहिल्याचं उत्तर 'हो' असतं आणि तिसऱ्याचं 'नाही'.

मग शंभर वॉट-अवर

हा आकडा बॅटरीचा. इथे मर्जी चालतच नाही, कारण प्रश्न आगीचा आहे.

सुट्या लिथियम बॅटऱ्या काउंटरवरच्या बॅगेत टाकायला जगभर बंदी आहे. त्या हातातल्या बॅगेतच न्यायच्या. पॉवर बँकसुद्धा सुटी बॅटरीच धरली जाते. पुष्कळांना हे उलटं वाटतं. धोका आहे तर ती प्रवाशांजवळ कशाला, खाली सामानात टाका ना! म्हणून कारण समजून घेऊ.

लिथियम बॅटरीच्या आत बिघाड झाला, म्हणजे ती चेपली, आतून शॉर्ट झाली किंवा फार तापली, तर एक टप्पा असा येतो की ती स्वतःच स्वतःला तापवत जाते. याला 'थर्मल रनअवे' म्हणतात. एक सेल पेटला की त्याच्या उष्णतेनं शेजारचा पेटतो, मग त्याच्या शेजारचा. विमानाच्या सामानाच्या कप्प्यात आग विझवायला हॅलॉन वायू सोडतात. तो कापड, कागद, सूटकेस यांची ज्वाळा दाबतो. पण बॅटरीच्या आत चाललेली रासायनिक क्रिया तो थांबवू शकत नाही, कारण ती बाहेरच्या हवेवर अवलंबून नसते. तिला थंड करावं लागतं, आणि उडत्या विमानाच्या पोटात जाऊन पाणी ओतायला कोणी पोचू शकत नाही. तीच बॅटरी केबिनमध्ये धुमसली तर धूर दिसतो, कर्मचारी धावतात, ज्वाळा विझवतात आणि पाणी ओतून ती थंड करतात. म्हणून बॅटरी माणसांजवळ.

हे नुसतं पुस्तकी नाही. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेलं यूपीएस कंपनीचं बोइंग ७४७ मालवाहू विमान सामानाला आग लागून कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. त्या सामानात लिथियम बॅटऱ्या मोठ्या प्रमाणावर होत्या. पुढे १ एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं प्रवासी विमानातून नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून पाठवायला बंदी घातली. अगदी अलीकडचं म्हणजे २८ जानेवारी २०२५. दक्षिण कोरियात एअर बुसानचं विमान उड्डाणाआधी जमिनीवर उभं असतानाच डोक्यावरच्या कप्प्यात आग लागून छप्पर जळालं. सगळे बाहेर पडले. तपासात पॉवर बँकेवर बोट ठेवलं गेलं. त्यानंतर कोरियानं पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायलाच मनाई केली.

यातून आपल्यासाठी एक सवय घ्यायची: बॅटऱ्यांचं पाकीट वरच्या कप्प्यात नको. पायाशी, पुढच्या सीटखाली, जिथे नजर आणि हात पोचेल तिथे.

आता शंभरचा हिशेब. बॅटरीची ऊर्जा वॉट-अवरमध्ये मोजतात. नियम असा:

- १०० वॉट-अवरपर्यंत: विमान कंपनीची परवानगी लागत नाही.
- १०० ते १६०: कंपनीची परवानगी आधी घ्यायची, आणि सुट्या जास्तीत जास्त दोन.
- १६० च्या वर: प्रवासी म्हणून नेताच येत नाही.

बहुतेक बॅटऱ्यांवर वॉट-अवर छापलेलं असतं. नसेल तर व्होल्टला अँपिअर-अवरनं गुणा. मिलिअँपिअर-अवर असेल तर आधी हजारानं भागा. सातवीतल्या पोराला जमेल असं गणित आहे.

उदाहरणं घेऊ. सोनीची एनपी-एफझेड१०० बॅटरी ७.२ व्होल्ट, २,२८० मिलिअँपिअर-अवर. ७.२ गुणिले २.२८ म्हणजे १६.४. कॅनन आणि निकॉनच्या नेहमीच्या बॅटऱ्याही सोळाच्या आसपासच. एलईडी लाइटला लावतो ती मोठी एनपी-एफ९७०: ७.२ गुणिले ६.६, साडेसत्तेचाळीस. २०,००० मिलिअँपिअर-अवरची पॉवर बँक: आतला सेल ३.७ व्होल्टचा, म्हणून ७४. गोडॉक्स एडी२०० फ्लॅशची बॅटरी १४.४ गुणिले २.९, जवळपास ४२. म्हणजे आपल्या हौशी आणि लग्नाच्या कामातलं जवळजवळ सगळं शंभरच्या आत बसतं.

अडकतात ते व्हिडिओवाले, व्ही-माउंट बॅटरीमुळे. १४.८ व्होल्ट, ६,६०० मिलिअँपिअर-अवरची असेल तर ९८ वॉट-अवर, चालते. १० अँपिअर-अवरची असेल तर १४८, परवानगी लागेल. १३,२०० वाली असेल तर १९५, ती घरीच ठेवायची. बाहेरून तिघी बहिणी-बहिणी दिसतात, म्हणून विकत घेतानाच आकडा बघा. आणि ज्या बॅटरीवरचा छापील आकडा पुसलाय ती विमानप्रवासाला नेऊ नका. सुरक्षा तपासणीला आकडा दिसला नाही तर तुमचं गणित कोणी ऐकणार नाही.

बॅटरी भरायची कशी? धातूची टोकं उघडी नकोत. किल्ली, नाणं, दुसरी बॅटरी असं काही टोकांना लागलं की शॉर्ट. प्लॅस्टिकचं झाकण असेल तर ते लावा. नसेल तर टोकांवर चिकटपट्टी, आणि एका बॅटरीला एक छोटी पिशवी. फ्लॅशचे पेन्सिल सेल डबीत, खिशात सुटे नकोत. फुगलेली बॅटरी असेल तर ती प्रवासालाच काय, घरातही ठेवू नका. नियमात १०० च्या आतल्या सुट्या बॅटऱ्या साधारण वीसपर्यंत चालतात, पण कंपनीप्रमाणे आकडा कमी असू शकतो. तिकीट काढल्यावर त्या कंपनीच्या पानावर एकदा बघून घ्या.

आता सात किलो

पहिले दोन आकडे म्हणतात सगळं हातात घ्या. तिसरा म्हणतो सातच किलो घ्या. खरी ओढाताण इथे आहे.

देशातल्या इकॉनॉमी तिकिटावर हातातली एक बॅग आणि तिचं वजन ७ किलो, मापं साधारण ५५ बाय ३५ बाय २५ सेंटिमीटर. त्याशिवाय लॅपटॉपची छोटी बॅग किंवा पर्स बऱ्याच कंपन्या चालवून घेतात. काहींच्या यादीत कॅमेरा किंवा दुर्बीण वेगळी धरलेली असते, काहींच्या नसते. यावर आशा ठेवून बॅग भरू नका. सातातच बसवायचं असं धरून चला.

एका लग्नाच्या फोटोग्राफरचं सामान मांडतो, वजनं ढोबळ:

- मिररलेस बॉडी दोन: १.४ किलो
- २४-७० लेन्स: ०.७
- ७०-२०० लेन्स: १.०५
- एक प्राइम लेन्स: ०.५
- सहा बॅटऱ्या: ०.५
- एक फ्लॅश: ०.४५
- कार्डं, हार्ड डिस्क: ०.२

बेरीज ४.८ किलो. आता यात रिकाम्या बॅगेचं वजन घाला. १.२ किलोची साधी सॅक घेतली तर सहा किलो, एक किलो शिल्लक. पण जाड पट्ट्यांची, दहा कप्प्यांची, भारी 'प्रोफेशनल' बॅग अडीच किलोची असते. ती घेतली की ७.३. म्हणजे सामान तेच, बॅगेमुळे नापास. म्हणून विमानासाठी बॅग घेताना खप्पे मोजण्याआधी रिकामी बॅग काट्यावर ठेवा. साधी हलकी सॅक आणि आत काढता-घालता येणारा गादीचा खण, ही जोडी मला सगळ्यात व्यवहारी वाटते. शिवाय अशी सॅक बघून कोणाला वाटत नाही की आत चार लाखांचा माल आहे. स्टेशनवर, एसटी स्टँडवर तेही बरंच.

पक्ष्यांच्या फोटोवाल्यांचं वेगळं. २००-६०० लेन्स एकटीच २.१ किलो. पण बॉडी एकच आणि बाकी लेन्स छोट्या, म्हणून तेही पाच-साडेपाचात बसतं. तिचा खालचा ट्रायपॉड-पाय सुटत असेल तर काढून दुसऱ्या बॅगेत टाका.

वजन घरीच करा. हूकचा काटा नसेल तर गावातल्या किराणा दुकानाचा काटा आहेच. दुकानदार दोन प्रश्न विचारेल, पण विमानतळाच्या काउंटरवर सगळ्यांसमोर बॅग उचकण्यापेक्षा ते परवडलं.

मग खाली काय जातं?

जे फुटत नाही, पेटत नाही आणि कुठल्याही शहरात पुन्हा मिळतं, ते. ट्रायपॉड, लाइट स्टँड, सॉफ्टबॉक्स, छत्र्या, क्लॅम्प, जादा केबल, जादा चार्जर. ट्रायपॉड हातात न्यायचा की नाही हे तपासणीवरच्या अधिकाऱ्याच्या निर्णयावर असतं. मोठा असेल तर वाद न घालता खालीच द्या. त्याचं डोकं काढा, पाय आवळा आणि कपड्यांच्या मधोमध ठेवा. जीन्स आणि टॉवेल यांच्याइतका स्वस्त फोम नाही. स्क्रू-ड्रायव्हर, ॲलन की, पाना हेही खालीच, नाहीतर तपासणीत जातील.

मात्र एक चार्जर आणि एक केबल हातातल्या बॅगेत असू द्या. बॅग उशिरा आली तर बॅटऱ्या आहेत पण चार्जर नाही, अशी गत नको. लग्न ठरल्या मुहूर्तावरच लागणार.

दोन वस्तू कुठेच चालत नाहीत: हवेच्या दाबाचा डबा, ज्यानं धूळ उडवतात तो, आणि सेन्सर साफ करायचं पेट घेणारं द्रव. धुळीसाठी हातानं दाबायचा रबरी फुगा घ्या. त्याला कोणी हरकत घेत नाही.

खालच्या बॅगेत एअरटॅगसारखा शोधक टाकायला हरकत नाही. त्यातली बटण-बॅटरी इतकी लहान असते की नियमात बसते. बॅग कुठे राहिली हे तुम्हाला काउंटरवरच्या माणसाआधी कळतं.

बॅगेच्या आतली रचना

आता फोमवर आलो. कॅमेरा मोडतो तो बहुतेक वेळा दोन कारणांनी: आपटण्यानं आणि सततच्या थरथरीनं.

पाटसहून लोहगाव साठ-पासष्ट किलोमीटर. सोलापूर हायवेनं यवत, उरुळी कांचन करत जा आणि थेऊर फाट्यावरून केसनंद-वाघोलीकडे वळा, नाहीतर हडपसरवरून. रस्ता कुठलाही घ्या, थरथर आहेच. विमानात बॅग तुमच्या पायाशी शांत बसलेली असते. खरा मार बसतो तो घर ते विमानतळ या टप्प्यात. म्हणून गाडीच्या डिकीत नको. मांडीवर नाहीतर सीटवर, मागे टेकवून.

- लेन्स बॉडीवरून काढा. लावलेली राहिली तर धक्का बसल्यावर लांब लेन्स तरफेसारखी वागते आणि सगळा जोर माउंटच्या कड्यावर येतो. बॉडीला झाकण, लेन्सला दोन्ही बाजूंनी झाकण.
- झूम सगळ्यात आखूड करा आणि लॉक असेल तर लावा. लेन्सचं हूड उलटं बसवा.
- वस्तू खणात घट्ट बसली पाहिजे, पण दाबली जाता कामा नये. बॅग बंद करून हलवा. आत काही सरकलं तर मोजा घाला. फोमपेक्षा पायमोजे रिकाम्या जागेत चांगले बसतात.
- जड वस्तू पाठीच्या बाजूला, तळाशी. म्हणजे बॅग पालथी पडत नाही आणि खांद्यालाही बरं.

बॅग हलवताना मिररलेस बॉडीतून किंवा लेन्समधून बारीक खडखड आली तर घाबरू नका. स्थिरीकरणाची यंत्रणा बंद असताना आतला भाग थोडा मोकळा असतो, तो आवाज त्याचा.

सगळ्यात महत्त्वाची रचना वेगळीच आहे. आमच्या धंद्यात 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात, म्हणजे अशी एक जागा जी बिघडली की सगळंच बंद. दोघे जण जात असाल तर दोन्ही बॉडी एकाच बॅगेत ठेवू नका. एकाकडे एक बॉडी आणि २४-७०, दुसऱ्याकडे दुसरी बॉडी आणि ७०-२००. बॅटऱ्याही वाटून. कुठलीही एक बॅग गेली तरी काम उभं राहिलं पाहिजे. वजनही आपोआप वाटलं जातं.

'ही बॅग खाली द्यावी लागेल' म्हटलं तर?

एटीआर ७२ सारख्या लहान विमानात डोक्यावरचे कप्पे छोटे असतात. विमान भरलेलं असेल तर मोठ्या विमानातही गेटवर बॅगा मागून घेतात. हे होणारच असं धरून आधीच तयारी ठेवा.

सगळ्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक एकाच पाकिटात, वरच्या कप्प्यात. बॅग मागितली की पाकीट बाहेर. ते काढणं तुमच्या सोयीचंच नाही, नियमच तो आहे. दुसरं, गादीचा खण तसाच्या तसा बाहेर निघाला पाहिजे. तो हातात घ्या, उरलेली रिकामी सॅक आणि कपडे त्यांना द्या. शांतपणे सांगा, यात लेन्स आहेत, सीटखाली ठेवतो. आवाज चढवून हे काम होत नाही, आणि मागची रांगही आपल्याच विरोधात जाते.

तपासणी आणि पुणे विमानतळ

तपासणीला लॅपटॉप, कॅमेरा, बॅटऱ्यांचं पाकीट, पॉवर बँक ट्रेमध्ये वेगळं मांडा. कधीकधी कॅमेरा चालू करून दाखवायला सांगतात, म्हणून एक चार्ज बॅटरी बॉडीतच असू द्या. एक्स-रेनं मेमरी कार्ड किंवा डिजिटल सेन्सरला काही होत नाही. फिल्म मात्र जपा. हल्ली पुन्हा रोल वापरणारे वाढलेत, त्यांच्यासाठी: फिल्म खालच्या बॅगेत कधीच नको, आणि नव्या सीटी पद्धतीच्या यंत्रातून एकदा गेली तरी खराब होऊ शकते. पारदर्शक पिशवीत ठेवून हातानं तपासायची विनंती करा.

आणखी एक. लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ आहे, प्रवासी विमानतळ त्याच आवारात आहे. तिथे धावपट्टी, लढाऊ विमानं यांचे फोटो काढायचे नाहीत. सुखोई गर्जत जातं तेव्हा हात शिवशिवतो, कबूल आहे. कॅमेरा बॅगेतच ठेवा. कर्मचाऱ्यांनी खिडकीचा पडदा खाली करायला सांगितला तर तोही करा.

दुबई किंवा बँकॉकला जात असाल तर निघताना कस्टमच्या काउंटरवर सामानाचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. त्यात बॉडी आणि लेन्सचे सीरियल नंबर लिहून मिळतात. परत येताना 'हे तिकडून आणलं का' हा प्रश्न आला की कागद दाखवायचा. धंद्याचं सामान मोठ्या प्रमाणावर नेत असाल तर 'एटीए कार्नेट' नावाची सोय आहे, ती भारतात फिक्की देते.

पोचल्यावर

गोव्याला किंवा कोकणात उतरलात की एसीतून थेट दमट हवेत येता. बॅग लगेच उघडली तर गार काचेवर बाष्प धरतं, लेन्सच्या आतही. अर्धा-पाऊण तास बॅग बंदच राहू द्या. सामान हळूहळू बाहेरच्या तापमानाला येतं. पावसाळ्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या आत असू द्या, आणि परत आल्यावर बॅग उन्हात वाळवून मगच कपाटात ठेवा. लेन्सला बुरशी बहुतेक वेळा ओलसर गादीतून लागते.

खालची बॅग पट्ट्यावरून उचलली की तिथेच उघडून बघा. फुटलं किंवा बॅग आलीच नाही, तर विमानतळ सोडण्याआधी कंपनीच्या काउंटरवर लेखी नोंद करा. तिला पीआयआर म्हणतात. तिची प्रत घ्या. परदेशी प्रवासात नुकसानीची लेखी तक्रार ७ दिवसांत आणि उशिरा आलेल्या बॅगेची २१ दिवसांत करावी लागते. म्हणूनच निघण्याआधी सगळं सामान चादरीवर मांडून एक फोटो काढा, सीरियल नंबर आणि बिलं फोनमध्ये ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे.

परतीचं पॅकिंग वेगळं असतं

हा मुद्दा फार कमी ठिकाणी बोलला जातो, म्हणून शेवटी ठेवला.

जाताना बॅगेतली सगळ्यात महागडी वस्तू लेन्स असते. येताना ती मेमरी कार्डं असतात. लेन्स पैसे टाकून पुन्हा मिळते. कार्ड गेलं तर नवरा-नवरी पुन्हा बोहल्यावर चढणार नाहीत. आणि परतताना आपण थकलेले, रात्रभर जागलेले, पहाटेच्या विमानाला घाईत बॅग कोंबलेली.

म्हणून हॉटेल सोडण्याआधी सगळ्या फोटोंच्या दोन प्रती: एक लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्कवर. कार्डं पुसायची नाहीत, ती तिसरी प्रत. मग तिन्ही वेगळ्या ठिकाणी: लॅपटॉप त्याच्या बॅगेत, डिस्क जोडीदाराकडे, कार्डांची डबी शर्टाच्या आतल्या खिशात. कॅमेऱ्यात भरलेलं कार्ड ठेवून प्रवास करू नका. बॅग गेली तर दोन्ही एकदम जातील. हॉटेलचं नेट बरं असेल तर निवडक फोटो रात्रीतून घरच्या ड्राइव्हवर चढवून टाका.

थोडक्यात, आदल्या रात्री बॅगेसमोर बसून तीनच प्रश्न विचारा. हे वीस हजारांत परत येईल का? यात बॅटरी आहे का, आणि शंभरच्या आत आहे का? आणि सगळं मिळून सात किलोत बसतंय का? उत्तरं नीट आली की बॅगेची चेन लावा आणि झोपा. पहाटे साडेतीनला पाटसहून निघायचं असेल तर झोपही सामानाइतकीच महत्त्वाची.

पुढच्या भागात ड्रोनबद्दल बोलू. त्याचे नियम वेगळे आहेत आणि प्रश्नही बरेच आलेत. तोवर तुमच्या बॅगेची बेरीज किती आली ते नक्की कळवा. सातच्या आत बसवली असेल तर काय काय घरी ठेवलं तेही सांगा, बाकीच्यांना उपयोगी पडेल. भेटूच!